त्यात विचारायचं काय!

चार खुर्च्या गोलात मांडल्या आहेत, पण पाठी आत आणि तोंडं बाहेर. त्यांवर दोन जोडपी बसली आहेत आणि कुणालाच कुणाचा चेहरा दिसत नाही. एकेकाला रोजच्या बोलण्यातलं एकेक वाक्य दिलं जातं. ‘इथे फार उकडतंय’ अशा धाटणीचं, म्हणजे ज्यातून तीन-चार अर्थ सहज निघतील असं. पंखा वाढव, आता निघूया, किंवा नुसतीच कुरकुर. बोलणाऱ्याने एक अर्थ मनात धरून ते वाक्य म्हणायचं आणि ऐकणाऱ्यांनी तो ओळखायचा. ऐकणाऱ्यांत स्वतःचा जोडीदार असतो आणि दुसऱ्या जोडप्यातली परकी माणसंही असतात.

अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजचे केनेथ सॅव्हिट्स्की आणि शिकागो विद्यापीठाचे बोआझ केसार व निकोलस एपली यांनी सहकाऱ्यांसह हा प्रयोग २४ जोडप्यांवर केला आणि २०११ साली प्रसिद्ध केला. नवरा-बायकोंना एकमेकांचं बोलणं परक्यांपेक्षा जास्त नेमकं कळलं, असं काही त्यातून दिसलं नाही. फरक पडला तो खात्रीत. ‘माझं म्हणणं हिला कळलं असणारच’ हा भरवसा जोडीदाराच्या बाबतीत कितीतरी जास्त निघाला आणि तो तितकाच फोलही निघाला.

याच अभ्यासाचा दुसरा भाग मैत्रीचा होता. समोरासमोर बसलेल्या दोघांमध्ये खणांचं एक कपाट. काही खणांतल्या वस्तू दोघांना दिसतात, काही फक्त एकालाच. समोरचा सांगेल ती वस्तू हलवायची. सांगणाऱ्याला न दिसणारी वस्तू त्याला अभिप्रेत असूच शकत नाही, हे उघड आहे. तरी सांगणारा मित्र असला की लोकांची नजर आणि हात त्या लपलेल्या वस्तूकडे जास्त वळत. परका असला की कमी. परक्याशी बोलताना आपण मनात एक हिशेब चालू ठेवतो: याला काय दिसतंय, याला आधीचं किती ठाऊक आहे, कुठून सुरुवात करावी. घरच्या माणसाशी बोलताना हा हिशेब आपण बंद करून टाकतो. सोळा वर्षं एका ताटात जेवतोय, त्यात विचारायचं काय!

न बोलताही ज्याला कळतं तोच आपला, ही कल्पना आपल्या कथा-कादंबऱ्यांनी आणि सिनेमांनी भरपूर जोपासली आहे. मला ती गोड वाटते, पण तिच्यावर संसार चालवणं महागात पडतं. एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात पीएच.डी.साठी एक साधा प्रयोग केला होता. एकाने टेबलावर बोटांनी ओळखीच्या गाण्याचा ठेका वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता, निम्म्या वेळा तरी ओळखता येईल. प्रत्यक्षात १२० गाण्यांपैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल, शब्द, वाद्यं सगळं चालू असतं. ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. ‘मी तर स्पष्ट सांगितलं होतं’ हे वाक्य घराघरांत ज्या तावातावाने म्हटलं जातं, त्यामागे हेच असतं. सांगणाऱ्याला स्वतःचं गाणं पूर्ण ऐकू येत असतं.

वर्षं लोटली की अंदाज सुधारत असेल ना? तसंही दिसत नाही. विल्यम इक्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हे मोजण्याची एक पद्धत रूढ केली. जोडप्याच्या गप्पांचं चित्रीकरण करायचं. मग प्रत्येकाने ते वेगवेगळं पाहायचं आणि ‘या क्षणी माझ्या मनात हे चाललं होतं’ असं नोंदवायचं. नंतर जोडीदाराने त्याच क्षणांबद्दल अंदाज बांधायचा आणि दोन्ही नोंदी ताडून पाहायच्या. न्यूझीलंडमध्ये गार्थ फ्लेचर आणि सहकाऱ्यांनी याच धर्तीवर विवाहित जोडप्यांना तपासलं, त्याचे निष्कर्ष १९९७ साली आले. लग्नाला जितकी जास्त वर्षं, तितके अंदाज कमी नेमके. नवीन जोडपी एकमेकांकडे बघत असतात. जुन्या जोडप्यांना बघायची गरज वाटत नाही, कारण ‘ह्यांचं नेहमीचंच’ हे उत्तर तयार असतं. नेहमीचं असतंही पुष्कळदा. पण चाळिशीत नोकरी गेलेल्या नवऱ्याचं गप्प बसणं आणि पंचविशीतलं त्याचं गप्प बसणं बाहेरून सारखंच दिसतं.

यावर सगळीकडे दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘स्वतःला त्याच्या जागी ठेवून बघ’. शाळेतल्या मूल्यशिक्षणापासून कंपन्यांच्या कार्यशाळांपर्यंत हेच. ताल एयाल, मेरी स्टेफल आणि पुन्हा तेच एपली यांनी २०१८ साली २५ प्रयोगांची एक मालिका प्रसिद्ध केली. चेहऱ्यावरून भावना ओळखणं, खोटं बोलणं पकडणं, जोडीदाराला कोणते सिनेमे किंवा विनोद आवडतील याचा अंदाज करणं, असं बरंच काही त्यात होतं. दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून पाहिल्याने अंदाज अधिक बरोबर येतात, असा पुरावा काही मिळाला नाही. कल्पना करताना आपण त्याच्या जागी आपलंच मन नेऊन ठेवतो, त्यात नवी माहिती कुठून येणार? अंदाज खरोखर सुधारला तो एका वेगळ्या गटाचा. त्या गटाला आधी जोडीदाराशी त्या विषयांवर बोलू दिलं होतं. त्यांनी विचारलं होतं, बस्स.

दुसऱ्याच्या जागी उभं राहण्याने राग निवत असेल, माया वाढत असेल; ते मी नाकारत नाही. पण माहिती हवी असेल तर ती ज्याच्याकडे आहे त्याला विचारावी लागते. हे इतकं उघड आहे की लिहितानाही संकोच वाटतो. तरी घरात आपण नेमकं हेच टाळतो, आणि टाळण्याला कारणंही आहेत.

एक कारण आपल्या घरांच्या रचनेत आहे. मराठी एकत्र कुटुंबात आडून बोलण्याची एक पक्की रीत होती. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण आपण टोमण्यांसाठी वापरतो, पण त्यामागची सोय दुर्लक्षिली जाते. सासूने सुनेला तोंडावर बोललं तर सुनेला उत्तर द्यावं लागेल किंवा गिळून बसावं लागेल. लेकीला बोललं की सुनेपर्यंत पोचलंही आणि भांडणही टळलं. ‘बाळा, बाबांना सांग पानं वाढलीत’ किंवा ‘आईला विचार, माहेरी कधी जायचंय’ हा पोराच्या तोंडून चालणारा कारभारही तसाच. नकार आला तर तो मध्येच विरायचा, कुणाची मान खाली जायची नाही. वडिलांशी बोलायचं तर आईमार्फत, ही पद्धत तर आजही अनेक घरांत जिवंत आहे.

पण या रीतीला मधली माणसं लागायची. आत्या, नणंद, धाकटा दीर, शेजारची काकू. आज पिंपरीतल्या किंवा डोंबिवलीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दोनच माणसं राहतात आणि बोलायची ढब मात्र अजून वाड्यातली आहे. ‘हल्ली कुणाला वेळच नसतो’ असं एकाने भिंतीकडे बघून म्हणायचं. मध्ये झेलणारं कुणी नाही, त्यामुळे ते थेट समोरच्याच्या अंगावर जातं आणि टोमणा म्हणूनच जातं. रविवारी कुठेतरी एकत्र जाऊया का, एवढंच खरं म्हणायचं होतं.

दुसरं कारण असं की विचारणं म्हणजे उलटतपासणी, अशीच पुष्कळांची सवय असते. ‘कुठे होतास इतका वेळ?’ हा प्रश्न नाही, आरोपपत्र आहे. ‘काय झालंय?’ या प्रश्नालाही बहुतेक वेळा ‘काही नाही’ हेच उत्तर येतं, कारण ज्याला काहीतरी झालंय त्याला ते कुठून सांगायला घ्यावं हेच सुचत नसतं. अशा वेळी आपला अंदाज अंदाज म्हणूनच पुढे ठेवणं सोपं जातं. ‘सकाळी आईसमोर मी तुझ्या स्वयंपाकावर बोललो, त्यावरून गप्प आहेस का?’ ती म्हणेल, ‘ते नाही, पण तू मला न विचारता गाडीचं बुकिंग केलंस ते.’ सुरुवातीपासून सांगण्यापेक्षा चुकलेलं दुरुस्त करणं माणसाला सोपं वाटतं. आणि अंदाज चुकला तरी काही बिघडत नाही, उलट चुकीचाच जास्त उपयोगी पडतो.

ऑफिसातून आलेली बायको साहेबांबद्दल सांगत असते आणि नवरा तिसऱ्या वाक्याला ‘तू सरळ एचआरला मेल टाक’ म्हणतो. मग दोघंही चिडतात. भाषाशास्त्रज्ञ डेबोरा टॅनेन यांनी १९९० सालच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात या प्रसंगाचं बरंच विश्लेषण केलं आणि तो पुरुष-स्त्रियांच्या बोलण्याच्या वेगळेपणाशी जोडला. मला त्यातली स्त्री-पुरुष विभागणी जरा सरधोपट वाटते. माझ्या ओळखीत उपाय सांगायला धावणाऱ्या बायकाही कमी नाहीत. इथेही अडचण तीच, विचारलेलं नसतं. ‘नुसतं ऐकू, की काही सुचवू?’ एवढ्याने काम होतं.

यात एक फॅशन मात्र टाळावी. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी १९५७ साली मन लावून ऐकण्याचं एक तंत्र मांडलं. समुपदेशकाच्या खोलीत ते चांगलं चालतं. पुढे ते जोडप्यांना शिकवलं जाऊ लागलं: समोरच्याचं वाक्य आपल्या शब्दांत परत म्हणायचं. ‘म्हणजे तुला असं म्हणायचंय की मी ओला टॉवेल गादीवर टाकतो तेव्हा तुला दुखावल्यासारखं वाटतं.’ हे वाक्य खऱ्या घरात उच्चारून बघा. सुखी जोडपी भांडताना असं बोलत नाहीत, हे जॉन गॉटमन यांना नवविवाहितांच्या चित्रणांत दिसलं आणि १९९८ साली त्यांनी तसं लिहिलंही.

गॉटमन हे सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात काम केलेले मानसशास्त्रज्ञ. घरासारखी दिसणारी प्रयोगशाळा उभारून तिथे जोडप्यांना राहायला बोलवायचं, कॅमेरे लावायचे, नाडीचे ठोके मोजायचे, अशी त्यांची पद्धत. त्यांच्या कामातला माझ्या मते सर्वांत वापरण्याजोगा भाग भांडणाच्या सुरुवातीचा आहे. सिबिल कॅरेर यांच्याबरोबर त्यांनी १२४ नवविवाहित जोडप्यांची मतभेदाची संभाषणं तपासली आणि पुढली सहा वर्षं त्यांचा माग ठेवला. संभाषणाच्या पहिल्या तीन मिनिटांत जो सूर लागला, त्याचा आणि पुढे लग्न टिकण्या-मोडण्याचा संबंध दिसला. ‘तुला घरातलं कधी काही दिसतच नाही’ ही एक सुरुवात. ‘आज दूध तापवायचं राहिलं आणि नासलं, उद्यापासून कुणी बघायचं?’ ही दुसरी. पहिलीला उत्तर नसतं, फक्त प्रतिहल्ला असतो. दुसरीला निदान उत्तर देता येतं.

त्यांचं दुसरं निरीक्षण शरीराचं. भांडताना नाडी मिनिटाला १०० च्या वर गेली की ऐकण्याची क्षमताच आटते. त्या वेळी काहीही बोललेलं वाया जातं. गॉटमन सांगतात की एका प्रयोगात उपकरण बिघडल्याचा बहाणा करून त्यांनी भांडणाऱ्या जोडप्यांना थांबवलं आणि अर्धा तास मासिकं वाचायला दिली. परत बसवल्यावर नाड्या उतरल्या होत्या आणि बोलण्याचा सूरही बदलला होता. आता आपल्याकडे भांडण मध्येच सोडून उठणं म्हणजे अबोल्याची नांदी. अबोला आणि ही विश्रांती बाहेरून सारखीच दिसतात, पण अबोल्याला मुदत नसते. ‘मी खाली चक्कर मारून येतो, आल्यावर बोलू’ एवढं सांगून गेलेला माणूस आणि दार आपटून गेलेला माणूस, घरात मागे राहिलेल्याला यांतला फरक चांगलाच कळतो. आल्यावर मात्र खरोखर बोलावं लागतं.

एकाने पाठपुरावा करायचा आणि दुसऱ्याने कासवासारखं अंग आत ओढायचं, हा खेळही भांडणात नेहमी दिसतो. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू क्रिस्टेन्सेन यांनी यावर पुष्कळ काम केलं. बायका मागे लागतात आणि पुरुष गप्प होतात, असं वरवर दिसतं खरं. पण क्रिस्टेन्सेन आणि ख्रिस्तोफर हेवी यांनी १९९० साली दाखवलं की बदल कुणाला हवा आहे यावरही ते ठरतं. विषय नवऱ्याला हव्या असलेल्या बदलाचा असला की हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. ज्याला आहे ते सोयीचं आहे, त्याला बोलायची घाई नसते. कपडे कुणी वाळत घालायचे या विषयावर कोण गप्प बसतं ते बघा.

लिहून पाठवलेल्या मजकुरांच्या बाबतीत तर ‘कळलं असणारच’ हा भरवसा आणखी फोल. जस्टिन क्रूगर, एपली आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ईमेलवर हे तपासलं. वाक्य गंभीरपणे लिहिलंय की उपरोधाने, एवढंच वाचणाऱ्याने ओळखायचं. लिहिणाऱ्यांना वाटलं, ७८ टक्के वेळा ओळखता येईल. प्रत्यक्षात ५६ टक्के, म्हणजे नाणं उडवण्याच्या थोडंसं वर. आवाज ऐकवला तेव्हा आकडा ७३ वर गेला. व्हॉट्सअॅपवरच्या ‘ठीक आहे.’ मधल्या पूर्णविरामावरून किती रात्री जागल्या गेल्या असतील! ज्या विषयात दुखावण्याची जरा जरी शक्यता आहे, तो फोन करून बोलावा.

इतकं सगळं सांगितल्यावर एक थंड पाण्याची बादलीही ओतायला हवी. बोलणं सुधारलं की नातं सुधारतं, असं समुपदेशनाचा सगळा धंदा गृहीत धरतो. जस्टिन लॅव्हनर, बेंजामिन कार्नी आणि थॉमस ब्रॅडबरी यांनी लॉस एंजेलिसमधल्या कमी उत्पन्न गटातल्या ४३१ नवविवाहित जोडप्यांचा माग ठेवला; २०१६ साली त्याचे निष्कर्ष आले. समाधानी जोडपी चांगलं बोलतात, हे खरंच निघालं. पण आजच्या बोलण्यावरून उद्याचं समाधान ठरतं, याचा पुरावा अशक्त होता. समाधानामुळे बोलणं सुधारतं, ही उलटी दिशा जास्त वेळा दिसली. विरारहून लोंबकळत चर्चगेटला जाऊन रात्री नऊला परतलेल्या दोघांना संवादाचे धडे देण्याआधी झोप मिळायला हवी. शिवाय जागाही हवी. वन-रूम-किचनमध्ये आई-वडील आणि दोन मुलं झोपलेली असताना नवरा-बायकोने मनातलं बोलायचं कुठे? मुंबईतली कितीतरी जोडपी जेवणानंतर ‘पाय मोकळे करायला’ खाली उतरतात, ती या बोलण्यासाठीच. त्यांना कुठल्या मानसशास्त्रज्ञाने सांगितलेलं नसतं. आणि ज्या घरात भीती आहे, मार आहे, तिथे ‘नीट बोलून बघ’ हा सल्ला घातक आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने शाब्दिक आणि भावनिक छळही हिंसाचारात धरला आहे. तिथे संरक्षण अधिकारी आणि १८१ ही महिला हेल्पलाइन आधी, संवाद नंतर.

भांडणावर इतकं लिहिलं जातं की चांगल्या बातमीकडे दुर्लक्षच होतं. मानसशास्त्रज्ञ शेली गेबल यांनी २००४ पासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत एक वेगळीच गोष्ट तपासली: जोडीदार आनंदाची बातमी घेऊन येतो तेव्हा समोरचा काय करतो? उत्साहाने चौकशी करणारे एक. ‘अरे वा’ म्हणून परत मोबाइलमध्ये घुसणारे दुसरे. ‘आता जबाबदारी वाढणार, घरी यायला उशीर होणार’ म्हणणारे तिसरे. बातमी बाजूला सारून आपलंच सुरू करणारे चौथे. नात्यातल्या समाधानाशी सरळ जोडलेला होता तो पहिलाच प्रकार. आपल्याकडे ‘दृष्ट लागेल’ म्हणून कौतुक हात राखून करायची पद्धत आहे, पण इथे कौतुकापेक्षा चौकशीचं काम जास्त. ‘बढती मिळाली? कुणी सांगितलं? तेव्हा कोण कोण होतं तिथे?’ सांगणाऱ्याला तो प्रसंग पुन्हा जगायला मिळतो, विचारणाऱ्याचा खर्च काहीच नाही.

मला मात्र सगळ्यांत जास्त अंदाजावर चालणारं नातं दिसतं ते म्हाताऱ्या आई-वडिलांचं आणि लांब राहणाऱ्या मुलांचं. मुलगा न्यू जर्सीत किंवा बंगळुरूत, आई-वडील साताऱ्यात. रविवारी ठरल्या वेळी व्हिडिओ कॉल. ‘बरं आहे ना सगळं? औषधं घेताय ना? पाऊस आहे का?’ या प्रश्नांत उत्तर आधीच भरून ठेवलेलं असतं आणि म्हातारी माणसं तेच उत्तर देतात, कारण मुलाला काळजी लावायची नाही. मुलगाही नोकरीतली कपात सांगत नाही, त्याच कारणाने. दोन्हीकडे एकमेकांच्या मनाचा अंदाज बांधलेला आणि दोन्हीकडे तो चुकलेला. ‘तब्येत कशी आहे’ ऐवजी ‘परवा डॉक्टर काय म्हणाले, त्यांनी नवीन काय लिहून दिलं’ असं विचारलं तर खरं उत्तर यायची शक्यता वाढते. ‘जिना चढताना कुठल्या मजल्यावर थांबावं लागतं?’ हा प्रश्न ‘दम लागतो का?’ पेक्षा कितीतरी बरा. आणि आईला वेगळा फोन करावा, बाबा भाजी आणायला गेलेले असताना. ते शेजारी बसलेले असले की त्यांच्या विसरभोळेपणाबद्दल ती एक अक्षर काढत नाही, आणि तिच्या गुडघ्यांबद्दल ते.